मातामायची आसवं आणि वरवंटा

"माय रडून राह्यली! सरका, सरका, माय रडून राह्यली!"

गिरडच्या रस्त्यावरच्या त्या एवढ्याशा गावात मातामायच्या देवळापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. अंधाऱ्या गाभाऱ्यात शेंदरानं माखलेली माय, तिच्या चांदीच्या डोळ्यांखालून ओघळणारी लाल आसवं, आणि पुढ्यात माइक धरून भूपेंद्र. परवापरवापर्यंत लग्नाच्या शूटिंगा करणारा हा गडी आता एका मोबाइल चॅनलचा संपादक, वार्ताहर आणि निम्मा पुजारी झाला होता.

"दर्शकहो, रक्ताचे अश्रू! विज्ञान हतबल! एक चमचा प्राशन करा, जुनाट व्याधी पळालीच समजा. पण औषध घेणाऱ्याला माय पावत नाही. शेअर करा, नाहीतर पस्तावाल!"

सुलोचनाबाई खांबाला टेकून ऐकत होत्या. मायला पाणी घातल्याशिवाय त्यांच्या तोंडात चहाचा घोट जात नसे. मंगळवारचा शेंदूर-तुपाचा लेपही त्यांच्याच हातचा. पहाटे त्यांनी मायचं तोंड पुसलं, तेव्हा थंडीनं तूप दगडासारखं गोठलेलं होतं. आसवाचा टिपूसही नव्हता.

वाटी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या सुनेला त्यांनी गाठलं.

"हर्षा, रीताच्या गोळ्या कुठी हायेत?"

"फेकल्या, आई. आसवं पाजून राह्यली मी तिले."

रीता त्यांची नात. तिला फिट यायची. गोळ्यांनी फिट थांबली होती. आज सकाळी अंगणात खेळता खेळता पोर पुन्हा आखडली.

"अवं, शेंदूर हाय तो! पोटात गेला तं विष हाय, विष!"

"चॅनलवर सांगून राह्यले ना. एवढी दुनिया पाहून राह्यली, सारे का येडे हायेत?"

"अन् मी रोज तिचं तोंड पुसते, त्याचं काय?"

"तुम्ही का चॅनलवर हाव?"

बाईंनी गाभाऱ्याकडे पाहिलं. भूपेंद्रचा लग्नातला जुना हॅलोजन मायच्या तोंडावर भट्टीसारखा पेटला होता. सकाळी दिवा लावायला त्या वाकल्या, तेव्हा त्या हॅलोजननंच त्यांचा गाल भाजला होता.

त्या तडक घरी गेल्या आणि पदराखाली काहीतरी घेऊन परतल्या. पायरीवरून त्यांनी ते मायच्या शेजारी ठेवलं. मसाला वाटायचा वरवंटा! मायच्या लेपाच्याच डब्यातल्या शेंदूर-तुपानं लेपलेला, वर मायचे जुने डोळे चिकटवलेले.

"बाई, पाप लागन!" कोणीतरी ओरडलं. "वरवंटा मायच्या बाजूले?"

"मायही दगडच होती, बापू. आपण माय म्हटलं, म्हणून माय झाली. मी अजूनही म्हणते." मग त्या हळूच म्हणाल्या, "भूपेंद्र, तुहा दिवा जरा इकडे फिरव. कॅमेरा बंद नोको करू."

"आजी, लाइव्ह चालू हाय..."

"म्हणूनच."

गर्दीतून हशा उठला. भूपेंद्रला नाही म्हणता येईना. दिवा फिरला. थोड्याच वेळात त्या धगीनं वरवंट्याच्या डोळ्यांखालचं तूप चकाकलं, फुगलं आणि लाल ओघळ खाली उतरला. तिकडे सावलीत गेलेल्या मायची आसवं मात्र थिजली.

"पाहा दर्शकहो," सुलोचनाबाई कॅमेऱ्याकडे वळल्या, "मिरच्या वाटून वाटून माह्या वरवंट्यालेही रडू आलं! पाजा आता त्याची आसवं लेकराईले!"

भूपेंद्रनं घाईघाईनं कॅमेरा बंद केला. पण उशीर झाला होता. हर्षाच्या हातातल्या मोबाइलवर वरवंटा रडताना दिसला होता. सासू वीतभर अंतरावरून ओरडली ते तिला खरं वाटलं नव्हतं; पडद्यावर पाहिलं, तेव्हा दुसऱ्या हातातली वाटी सांडली.

"आई, समुद्रपूरची बस केव्हा हाय? डॉक्टरले दाखवा लागन. रीतानं काल दोन चमचे घेतले..."

"चाल. बस नाई भेटली तं कोणाची गाडी थांबवू."

जाताना सुलोचनाबाई उंबऱ्यावर थांबल्या. ओल्या फडक्यानं त्यांनी मायचं तोंड स्वच्छ पुसलं आणि हात जोडले. मग गर्दीकडे वळून म्हणाल्या, "भक्ती करा, मी कुठी नाई म्हणते? पण कोणी मोबाइलात चमत्कार दाखवला, तं आधी त्याचा दिवा बंद करून पाहा. अन् लेकराची गोळी बंद कराले सांगन, त्याचं चॅनलच बंद करा."