बिनतोंडाचा पहिलवान

मित्रांनो, मला तोंड नाही. जुना झालो म्हणून ते गळून पडलं असं समजू नका. बनवतानाच ठेवलं नव्हतं. मी प्लायवूडचा एक पहिलवान आहे. नांदेडच्या एका दुकानात माझे दंड आणि छाती मन लावून रंगवण्यात आली. उजव्या हातात 'झपाटा' नावाच्या पेयाचा डबा दिला. मानेवर मात्र गोल भोक पाडलं. मागून कुणीही यावं, भोकात तोंड घालावं आणि फोटो काढून घ्यावा. व्यायाम न करता पहिलवान!

'झपाटा' प्यायल्यावर अंगात वीज येते, असं माझ्या छातीवर लिहिलं होतं. तसं असतं तर लाईट गेल्यावर गोरेगावच्या शेतांतले पंप त्यावरच चालले असते. आणखीही एक ओळ होती, टाचेजवळ, मुंगीएवढ्या अक्षरांत : 'लहान मुलांसाठी नाही.' कंपनीच्या रणजीतने मला गोरेगावच्या बाजारात रोवलं तेव्हा टाचा मातीत गेल्या. ती सूचना वाचून किती गांडुळं शहाणी झाली, मला माहीत नाही.

सुरुवातीला कुणी फिरकेना. मग रणजीतला शितल दिसली. जवळच्या तांड्यावरची ही मुलगी पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायची आणि तांड्यावरची सगळी लेकरं तिच्यामागे पळायची. तिचे बूट इतके फाटले होते की अंगठे तिच्या आधी पोचायचे.

"ताई, नवे बूट देतो," रणजीत म्हणाला. "दर बाजारी थोडा वेळ इथं तोंड द्यायचं. बस."

"मी पिणार न्हाई. औषधावानी लागतंय ते."

"प्यायला कोण म्हणून राहिलं? नुसतं दिसायचं!"

शितल दिसू लागली. लेकरांची ही गर्दी झाली. प्रत्येकाला फोटो हवा होता आणि फोटोबरोबर डबा फुकट होता. पण त्यांची तोंडं भोकापर्यंत पोचेनात. रणजीतने सुतार बोलावला आणि माझ्या पोटात दुसरं, खालचं भोक पाडून घेतलं. वर शितल, खाली लेकरू. दोन तोंडांचा पहिलवान बघून कंपनीचे साहेब इतके खूश झाले की त्यांनी रणजीतची पाठ थोपटली. पोट माझं फाटलं होतं.

मित्रांनो, लाजेची गोष्ट इथून पुढे आहे.

पुनम ही शितलची आठ वर्षांची भाची. आत्यासारखं पळायचं म्हणून एका सकाळी भाकरी बाजूला सारून तिने अख्खा डबा पोटात रिचवला आणि शाळेच्या मैदानावर पळाली. छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले, उलटी करून पोरगी खाली बसली. शितलची आई जिवनबाई तिला दवाखान्यात निजवून तडक बाजारात आली. तेव्हा शितल माझ्या भोकात हसत होती.

"शितल! पुनमला सलाईन लावलंय, अन् तू काहून गडी होऊन उभी राहिलीस?"

माणसं गोळा झाली. रणजीतला वाटलं, जाहिरात रंगात आली. त्याने मोबाईल काढला.

शितलचं हसू गेलं. "याडी, काय झालं तिला?" तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"तुझा डबा पेली."

"पण मी तर पेतच न्हाई गं."

"ते तिला काय ठाऊक? तिनं तुझं तोंड बघितलं."

शितलचा घाम माझ्या मानेवरून ओघळला. मला तोंड असतं तर मी खाली घातलं असतं. तिने तोंड बाहेर काढलं, पुढे आली आणि पहिल्यांदाच माझ्या पोटाकडे नीट पाहिलं.

"हे खाली काहून पाडलं?"

"लेकरं पोचत नव्हती ना, ताई," रणजीत म्हणाला.

"पोचत नव्हती तेच बरं होतं."

तिने रणजीतने दिलेले दोन्ही नवे बूट काढले, माझ्या पोटातल्या भोकात गच्च कोंबले आणि अनवाणी दवाखान्याकडे निघाली. तिच्या मागे जिवनबाई. त्यानंतर रणजीतने पुष्कळ तोंडं शोधली. गोरेगावात एकही मिळालं नाही. शेवटी त्याने बूट काढून नेले आणि मला तिथेच टाकलं.

आता कोंबड्या विकणारी शकुंतलाबाई मला डालग्यावर झाकण म्हणून ठेवते. कोंबडी भोकातून मान वर काढते, लोक हसतात, पण तिला बघून कुणी काही पीत नाही. आयुष्यात इतकं इज्जतीचं काम मला पहिल्यांदाच मिळालं आहे.

मित्रांनो, तोंड रोज धुता, तसं जपतही जा. तुमच्याकडे बघून कुठलं तरी लेकरू पळत असतं, आणि हे तुमच्या आधी विकणाऱ्याला समजतं.

परवा पुनम बाजारात आली होती. बरी झाली आहे. खाली वाकून तिने भोकाजवळ तोंड आणलं आणि मी घाबरलो. पण ती कोंबडीलाच दरडावून म्हणाली, "तुला कुणी सांगितलं गं हितं तोंड घालायला?"