भाऊजींचं कार्ड

भाऊजींना जाऊन वर्ष होत आलं, तरी त्यांचं क्रेडिट कार्ड खरेदी करतच होतं. ताईनं बँकेला कळवलंच नव्हतं. तिची आवडती बिस्किटं यायची, गुडघ्यांना लावायचं तेल यायचं, आणि बिल तिच्या तुटपुंज्या शिलकीतून जायचं. "दर महिन्याला पाठवा म्हणून त्यांनीच सांगून ठेवलं असेल," असं मी म्हणायचे. मी शिवणकाम करते. हातात पैसे असतील तेवढंच कापड आणायचं, हा माझा खाक्या. कार्डाच्या वाटेला कधी गेले नाही. ते बंद कर म्हणून ताईच्या कानीकपाळी ओरडले, पण ऐकेल तर शपथ.

मग चष्मा आला.

खोकल्यानं अंथरुणाला खिळेपर्यंत भाऊजी चष्मे बनवायचे. ताईचा डावा कान उजव्यापेक्षा जरा वर आहे, म्हणून तिच्या चष्म्याची डावी काडी ते स्वतः गरम करून किंचित वाकवायचे. हे दुसऱ्या कुणाला जमायचं नाही, अशी फुशारकीही मारायचे. आलेल्या चष्म्याची काडी अगदी तशीच वाकवलेली होती. काचा नव्या नंबरच्या होत्या. ताईनं डोळे तपासून घेतले होते ते गेल्याच आठवड्यात.

पाठवणाऱ्याचं नाव शोधायला मी खोकं उलटंसुलटं करायला लागले. ताई मात्र आरशासमोर बसली. "बघ, जराही तिरका बसत नाही."

"अगं, भानावर ये! शिल्लक संपत आलीय. आणि हे जे काही चाललंय ना, ते थांबायला हवं."

"कार्ड गेलं तर ते कशानं पाठवतील?"

घाबरले की मी जास्तच ओरडते. ओरडले. शेवटी तिनंच कार्ड माझ्यापुढे टाकलं आणि तोंड फिरवलं. मी तिला बँकेत फोन लावून दिला, कार्ड बंद करायला लावलं आणि कापडाच्या कात्रीनं त्याचे तुकडे केले. ही कात्री मी कागदालासुद्धा लावत नाही. ताई रडली नाही. तेच मला आवडलं नाही.

दुपारी बेल वाजली. दारात पार्सलवाला, हातात खोकं. "रोख द्यावे लागतील, मावशी."

"आम्ही काहीही मागवलेलं नाही," मी म्हणाले.

"साहेबांचा आत्ताच फोन होता. म्हणाले, कार्ड चालत नाहीये, घरी बायकोकडून घ्या."

ताई पाकीट घेऊन धावतच आली. नोटा त्याच्या हातात कोंबत तिनं विचारलं, "बोलताना खोकत नव्हते ना?"

तिला गप्प करायचं सोडून मीही त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.