ओराव्हेकबाईंची सैतानपट्टी

फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची जी पट्टी असते, तिला ओहायोच्या आमच्या या कोपऱ्यात सैतानपट्टी म्हणतात. का म्हणतात ते कुणालाच सांगता येत नाही. पण नगरपालिकेचं एखादं पत्र आलं की अंदाज येतो. पट्टीची जमीन शहराची. तिच्यावरचं झाड शहराचं, पण झाडाची पानं पडली की तुमची. तिथे कुत्र्याने जे काही केलं ते कुत्र्याच्या मालकाचं, आणि मालक सापडेपर्यंत तुमचं. गवत मात्र निर्विवाद तुमचं, आठ इंचांपर्यंत. आठच्या वर गेलं की ते गवत राहत नाही, प्रकरण होतं.

आमच्या शेजारच्या ओराव्हेकबाईंनी मागच्या वर्षी या विषयावर नगरपालिकेला चार पानी पत्र लिहिलं होतं. मी त्या पट्टीवर कुंपण घालू शकत नाही, झाड लावू शकत नाही, तंबू ठोकला तर तुम्ही मला उठवाल, मग तिची हजामत मी का करायची, असा त्यांचा सवाल होता. उत्तर एका ओळीचं आलं: जमीन शहराची, गवत तुमचं. बाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि त्याच दुपारी गवत कापलं. भांडायचं तर चार पानं भांडायचं, आणि हरलो की नियम इंचाइंचाने पाळायचा, अशी त्यांची पद्धत.

व्हर्ना ओराव्हेक, वय वर्षं एक्याऐंशी. अडतीस वर्षं टायरच्या कारखान्यात तपासनीस होत्या. तयार टायरवरून हात फिरवायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे काम. कारखाना बंद पडला, हात फिरवणं थांबलं नाही. मी एकदा आमचं कुंपण रंगवलं तेव्हा त्यांनी येऊन त्यावरून एक बोट फिरवलं आणि निघून गेल्या. मी पुढच्या रविवारी ते पुन्हा रंगवलं.

या एप्रिलमध्ये त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. हात जुलैपर्यंत झोळीत. मुलगी डोरीन कोलंबसला असते, दोन तासांवर. ती वाईट नाही, फक्त काळजी करते, आणि काळजी करणाऱ्या माणसांच्या हातात याद्या असतात. तिने तिथल्या एका वृद्धांच्या इमारतीत आईसाठी फ्लॅट धरून ठेवला होता आणि स्वच्छ सांगितलं होतं, "मम्मा, शहराची आणखी एक नोटीस आली की घर विकायचं. मग मी ऐकणार नाही." नोटिशीची प्रत आधी डोरीनच्याच ईमेलवर जायची, ती तजवीजही तिने करून ठेवली होती.

आणि जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी बाईंच्या दाराच्या मुठीला नारिंगी कार्ड लटकलं. पट्टीवरचं गवत अकरा इंच. बुधवारी सकाळी दहाला पुन्हा मोजणी. तोवर कापलं तर कार्ड रद्द, नाहीतर रीतसर नोटीस.

आता यात अवघड ते काय, असं तुम्ही म्हणाल. शेजाऱ्याने जाऊन कापावं. पण आमच्या गल्लीत हिवाळ्यात कुणीही कुणाच्याही दारातला बर्फ ढकलतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण बर्फ सगळ्यांवर पडतो. गवत ज्याचं त्याचं उगवतं. आपलं कापताना मशीनचा एक पट्टा शेजाऱ्याच्या हद्दीत गेला तर तो सभ्यपणा. दोन पट्टे म्हणजे टोमणा. आणि सगळंच कापलं तर 'या घरातलं माणूस आता संपलं' असं भर रस्त्यात जाहीर करणं. गवत कापणाऱ्या कंपनीला बाईंनी फोन केला होता, तिने जुलैची तारीख दिली. जूनमध्ये ओहायोत गवताला आणि गवत कापणाऱ्यांना सारखाच माज असतो.

मी शुक्रवारी संध्याकाळीच गेलो.

"ओराव्हेकबाई, मी उद्या माझं कापतोच आहे, तर..."

"तर तुझं काप."

"पाच मिनिटांचं काम आहे हो."

"मग पाच मिनिटं लवकर घरी जा. टिबेट्स, तुझी लोर्ना सूप पाठवते ते मी घेते. कारण त्यात मीठ नसतं, म्हणजे ते पिऊन उपकार मीच करते. गवताचं तसं नाही."

हे मी घरी सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी स्वतःच मशीन बाहेर काढलं. एका पायाने ते दाबून धरलं आणि डाव्या हाताने दोरी ओढली. मशीन खोकलं आणि गप्प झालं. चार वेळा. मग त्या पायरीवर बसल्या, बराच वेळ. बाईंच्या पलीकडच्या घरातला कर्टिस पेटवे त्याच्या गॅरेजमध्ये पाना शोधत होता, मी माझ्या टपालपेटीत वाकून बघत होतो. रिकाम्या टपालपेटीत माणूस किती वेळ बघू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पेटवे निवृत्त बस ड्रायव्हर आहे. बसून चालवायचं मोठं मशीन आमच्या गल्लीत फक्त त्याच्याकडे आहे, आणि ते तो अजूनही दर थांब्यावर थांबायचं असल्यासारखं चालवतो. रविवारी चर्चहून आल्यावर त्याने मला खुणेने बोलावलं.

"प्रोफेसर, तू तुझ्या बाजूने एक पट्टा चुकून आत जा. मी माझ्या बाजूने चुकून जातो. मग जेवण. मग पुन्हा चुकू."

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे योजनेतली त्रुटी माझ्या लक्षात आली नाही. दुपारपर्यंत मी तीनदा चुकलो, तो दोनदा. साडेतीनला बाई मोजपट्टी घेऊन बाहेर आल्या. मोजपट्टीचं टोक पायाखाली धरून डाव्या हाताने मोजलं.

"पेटवे, तुझी चूक चौऱ्याऐंशी इंच. टिबेट्स, तुझी त्रेसष्ट. तुझं मशीन एकवीस इंचांचं, नाही का? चूक एकदा होते. तीनदा सारख्याच मापाची झाली तर त्याला आमच्या कारखान्यात उत्पादन म्हणायचे."

आम्ही दोघं आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिलो. आमच्या दोघांच्या वयाची बेरीज एकशे एकोणीस आहे.

"पुन्हा दिसलात तर मीच शहराला फोन करीन," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मधे अजून पस्तीस-अडतीस फूट गवत उभं होतं आणि वाऱ्यावर छान हलत होतं.

सोमवारी पेटवेला सुचलं. बाईंच्या पट्टीवरचं ॲशचं झाड किड्याने खाल्लं, तेव्हा शहराने ते कापून नेलं होतं. म्हणजे अख्ख्या गल्लीत सलग मोकळी पट्टी एकच. आणि आमच्याकडे उन्हाळ्यात कॉर्नहोल खेळतात: भोक पाडलेल्या तिरक्या फळीवर मक्याच्या दाण्यांची पिशवी लांबून टाकायची, भोकात पडली तर तीन गुण. मोठी माणसं हा खेळ अत्यंत गंभीर चेहऱ्याने खेळतात. आणि तो अकरा इंच गवतात खेळता येत नाही.

आम्ही बाईंचं दार वाजवलं.

"आमच्या चर्चचा कॉर्नहोलचा संघ आहे," पेटवे म्हणाला. चर्चचं नाव घालून खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्याने आधी टोपी काढली.

"कधीपासून?"

"नवीनच आहे."

"हाही संघात आहे? हा तर चर्चला जात नाही."

"जागा रिकामी होती," मी म्हणालो.

"सरावाला तुमच्यासमोरची पट्टी मिळाली तर बरं होईल, बाई," पेटवे म्हणाला.

"ती माझी नाही. द्यायचा मला अधिकार नाही आणि अडवायचाही नाही. शहराला विचारा." दार बंद झालं. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा ते परत उघडलं. "दुसरा मजला. साडेचारला बंद करतात."

पेटवेने गाडी बसच्या वेगाने नेली, म्हणजे आम्ही पावणेचारला पोचलो. खिडकीमागच्या गृहस्थांनी खण उघडून एक अर्ज काढला: सार्वजनिक पट्टीचा तात्पुरता वापर, मुदत साठ दिवस.

"घोडे आहेत?"

"नाहीत."

"तंबू?"

"नाही."

"मद्य?"

पेटवेने माझ्याकडे पाहिलं. "चर्चचा संघ आहे," मी म्हणालो.

"मागच्या बाजूला कलम सात वाचा. वापराच्या काळात पट्टीची निगा, गवतासकट, वापरणाऱ्याची जबाबदारी. समोरच्या घरमालकाची लेखी संमती लागेल. मंजुरीला कामाचे तीन दिवस."

सोमवार अधिक तीन. मी बोटं न वापरता हिशेब केला: गुरुवार. डोरीनच्या ईमेलवर ती नोटीस बुधवारी जेवणाच्या आत पोचली असती.

"थोडं लवकर नाही का..." पेटवे म्हणाला.

"नाही. पत्ता?"

"सदतीस, बीचम रस्ता."

गृहस्थांचं पेन थांबलं. "ओराव्हेक? चार पानांच्या?"

"त्याच."

"यावर त्या पुन्हा लिहिणार आहेत का?"

"ते मला कसं सांगता येईल?" पेटवे अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "निवांत असतात हल्ली. वेळ भरपूर आहे त्यांना."

गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. "सही घेऊन या. साडेचारच्या आत आलात तर आजच शिक्का मारतो."

बाईंनी अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. घाई करू नका, असं त्यांना म्हणायचं धैर्य कुणात नसतं. घाई करा म्हणायचं तर मुळीच नाही. चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

"पेटवे, कलम सात वाचलंस?"

"वाचलं, बाई."

"गवताची जबाबदारी तुझी."

"माझी."

"माझी नाही."

"अजिबात नाही."

"म्हणजे देणारी मी, घेणारा तू."

"तसंच लिहिलंय."

"सराव आठवड्यातून किती वेळा?"

हे आम्ही ठरवलंच नव्हतं. "दोनदा?" पेटवे म्हणाला.

"मंगळवार, गुरुवार, सहा वाजता. मी व्हरांड्यात बसून बघणार. एकदा जरी चुकलात तरी संमती मागे." आणि मग त्यांनी डाव्या हाताने सही केली. एकेक अक्षर वेगळं, शाळेतल्या मुलीसारखं. पेटवे खिडकीबाहेर बघत उभा राहिला. मी आयुष्यात इतकी हळू सही आणि इतका सभ्य बस ड्रायव्हर पाहिलेला नाही. शिक्का मिळाला तेव्हा चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

मंगळवारी सकाळी पेटवेने उघडपणे, मशीनवर ताठ बसून, पट्टी कापली. बाई झोळीतला हात सांभाळत उतरल्या, वाकल्या, गवतावरून डावा हात फिरवला.

"रस्त्याच्या कडेला एक ओळ राहिली. नापास."

त्याने पुन्हा कापली.

"कोपऱ्यात मशीन वळवलंस तिथे खरडलंय. पण चालेल. पास." पेटवे नंतर मला म्हणाला की त्याला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी सहाला माझ्या मेहुण्याच्या फळ्या आणून आम्ही खेळलो. पेटवेचा गुडघा दुखतो आणि मला नेम नाही. तासाभरात एकही पिशवी भोकात गेली नाही. व्हरांड्यातून एकदाच आवाज आला, "टिबेट्स, ती पिशवी आहे, साप नाही. सोडताना घाबरू नकोस."

बुधवारी दहाला आम्ही तिघं तयार होतो. निरीक्षक बाई अकराला वीस कमी असताना आल्या. त्या चाळीस मिनिटांत ओराव्हेकबाईंनी व्हरांड्याचा खांब दोनदा पुसला. निरीक्षक बाईंनी गवतात फूटपट्टी रोवली.

"अडीच इंच. कुणी कापलं?"

"वापरकर्त्याने," ओराव्हेकबाई म्हणाल्या. "कलम सात."

पेटवेने शिक्क्याचा कागद दाखवला. निरीक्षक बाईंनी तो वाचला, आमच्या फळ्यांकडे पाहिलं, आमच्या दोघांकडे पाहिलं, आणि त्यांच्या मनात जे आलं ते शहराच्या सेवेत असल्यामुळे बोलल्या नाहीत. नारिंगी कार्ड दारावरून काढून त्यांनी खिशात टाकलं.

"आता... कळवणार कुणाला?" ओराव्हेकबाईंनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता, फक्त शेवटचा शब्द जरा लवकर संपला.

"कळवायचं काय? काही झालेलंच नाही."

सरकारी माणसाच्या तोंडून याहून सुंदर वाक्य मी ऐकलेलं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर बाई खुर्चीत बसल्या. पेटवेने टोपी काढून चेहऱ्यावर वारा घेतला. कुणालाच टपालपेटीत बघावं लागलं नाही.

शनिवारी डोरीन आली. तिने पट्टी पाहिली, फळ्या पाहिल्या.

"मम्मा, हे काय?"

"माझ्या परवानगीने खेळतात."

"तुला त्रास नाही ना होत?"

"होतो. दोघंही फार वाईट खेळतात. मंगळवार-गुरुवार मला इथे बसावंच लागतं, नाहीतर काय करतील देव जाणे."

डोरीनने वळून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले, जसे खरोखर वाईट खेळणारे उडवतात. ती हसली, पहिल्यांदाच मला दिसलं की तिचे दात आईसारखे आहेत. ती आईच्या शेजारी बसली. "त्या फ्लॅटवाल्यांना सोमवारी नाही म्हणून सांगते," ती म्हणाली. "या वर्षी तरी."

"वर्षाचं मी बघते," बाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने मी लोर्नाचं सूप घेऊन गेलो तेव्हा बाई खुर्चीतच झोपल्या होत्या, तोंड उघडं, झोळीतला हात छातीवर. कार्ड लटकल्यापासून त्या किती झोपल्या होत्या कुणास ठाऊक. डोरीनने ओठांवर बोट ठेवलं. मी तसाच मागे फिरलो आणि पेटवेला सांगितलं, पेटवेने समोरच्यांना.

जूनमधला शनिवार होता, कोरडा, ऊन पडलेलं. चार वाजेपर्यंत आमच्या गल्लीत कुणीही मशीन सुरू केलं नाही.