चाची कहती है

चारुलतेने पाण्यातून पळी वर काढली आणि दोन्ही मुलांच्या नाकासमोर धरली.

"कलछी," सुचेता म्हणाली.

"कलछी," गजा म्हणाला. तो सहा वर्षांचा होता आणि बहिणीच्या मागून काहीही म्हणायला तयार असे.

"आणि ही?"

"छलनी."

"हा?"

"तवा!" गजा ओरडला. या शब्दावर त्याचं फार प्रेम होतं, कारण तो त्याला आधीपासूनच येत होता.

या घरात हिंदी आली ती अप्पांबरोबर. अप्पा कर्जतच्या कोर्टात वकील. दिवाळीनंतर कुणा पाहुण्याचं भाषण ऐकायला ते खालापुरास गेले, आणि परतले ते साऱ्या देशाची भाषा एक झाली पाहिजे असं ठरवूनच. देशाच्या मानाने घर लहान, तेव्हा सुरुवात घरापासून झाली. अप्पांना स्वतःला 'क्या है' आणि 'ठीक है' एवढंच येत होतं. पण एक प्रश्न विचारायला आणि एक निकाल द्यायला, एवढं वकिलाला पुरत होतं. शिकवायला धाकटी सून होती. तिचं माहेर इंदूरचं.

लग्नानंतर ती तिकडे गेलीच नव्हती. जायचं ठरलं त्या साली मोठी जाऊ बाळंतपणाला आपल्या माहेरी गेली आणि तिथेच वारली. मागे ही दोन मुलं. त्यांचं बघणार कोण, म्हणून चारुलतेचं जाणं राहिलं, आणि मग राहिलं ते राहिलंच. नवरा आणि दीर मुंबईला नोकरीला. रविवारी येऊन ते वडिलांना हो म्हणून जात.

आता वैशाखात धाकट्या बहिणीचं, हिरूचं लग्न होतं. अप्पा नाही म्हणाले नाहीत. वकील नाही म्हणत नाही, अट घालतो. घरातल्या एकूण एक वस्तूचं नाव मुलांना हिंदीत आलं, की सूनबाईंनी खुशाल जावं.

तेव्हापासून चारुलता जात्याच्या खुंट्यापासून देवघरातल्या घंटेपर्यंत हिंडत होती. माळ्यावर पावसाळ्यासाठी ठेवलेल्या इरल्याला हिंदीत काय म्हणतात ते तिला आठवेना, म्हणून ते तिने शेजारी देऊन टाकलं होतं.

शिकवताना ती इंदूरच्या गोष्टी सांगे. त्यांतली हिरूची गोष्ट सुचेता पुन्हा पुन्हा मागे. चारुलता सासरी निघाली तेव्हा हिरूने तिचा पदर मुठीत धरला होता. टांग्यात चढू देईना. "ताई, नहीं जाना, नहीं जाना," एवढंच.

"मग?"

"मग आईने तिची बोटं एकेक करून सोडवली."

"मग तू गेलीस?"

"नाही तर इथे कशी असते गं?"

अप्पा परीक्षा घेणार त्या दिवशी सकाळी ठाकरवाडीतली ठकी लाकडाची मोळी घेऊन मागच्या दारी आली. गजाने तिला अडवलं.

"लकडी म्हण. मगच टाकायची."

"काय बी म्हनलं तरी जळनारच ना रं?" ठकीने मोळी टाकली आणि चारुलतेकडे पाहून हसली. "पोरं शिकली. सुटलीस गं बाय. येकदा गाडीत बसलीस का परत कशाला येतीस!"

"वेडी आहे का मी, परत यायला?" चारुलताही हसली. पुष्कळ दिवसांनी.

सुचेता तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

दुपारी अप्पा काठी घेऊन घरभर फिरले. काठी वस्तूला लावायची आणि "क्या है" म्हणायचं. सुचेता सांगत गेली. मूसल. सूप. दीया. चौखट. गजा मागून प्रतिध्वनी देत होता. कुठेही अडलं नाही. अप्पांनी माळ्यावरसुद्धा नजर टाकली, पण तिथे आता काही नव्हतं.

"ठीक है," ते ओसरीवर झोपाळ्यावर बसत म्हणाले. "विचार तुझ्या काकूला, कधी निघते."

या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. तिने दाराआड उभं राहायचं आणि मुलीने निरोप ओसरीवर न्यायचा. ओसरीवरून काही विचारलं, तर तिने बांगड्या वाजवायच्या. बांगड्या वाजल्या की होकार. न वाजल्या तरी होकारच, लाजली असं समजायचं.

चारुलता खाली वाकली. "सांग, रविवारी. तुझे काका आले की त्यांच्याबरोबर."

सुचेता ओसरीवर गेली. घाटावर गाडी रेटून एकटंच परत आलेलं इंजिन स्टेशनात शीळ घालत होतं.

"दादाजी," सुचेता म्हणाली, "चाची कहती है, नहीं जाना."

झोपाळा थांबला.

"वाक्य!" अप्पा म्हणाले. "अरे, चक्क वाक्य!" मग त्यांना वाक्याचा अर्थही लागला. "नाही जायचं म्हणते? बरं. तसं ऊनही फार आहे इंदूरला. वैशाखात मुलांची वाक्यंच घेता येतील." ते दाराकडे वळून, पण दाराकडे न बघता म्हणाले, "असंच ना सूनबाई?"

चारुलतेने एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून ठेवल्या. एकही वाजली नाही. अप्पा वाट पाहत राहिले, आणि मग समजूतदारपणे मान हलवू लागले.

तिने बांगड्या सोडल्या. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं आणि तोंडाने बोलायचं, एवढंच उरलं होतं. तिने पाऊल उचललं.

पदर मागे ताणला गेला.

सुचेता आत येऊन तिच्या मागे उभी होती. मान खाली, आणि पदर मुठीत. इतका घट्ट, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

चारुलता वाकली आणि तिची बोटं एकेक करून सोडवू लागली. मनगट हललं तशा बांगड्या वाजल्या.

"ठीक है," ओसरीवरून अप्पा म्हणाले.