चर्चच्या चढावर बंद पडणारी गाडी

मित्रांनो, मी निळ्या रंगाची, चार दारांची एक जुनी छोटी गाडी आहे. माझी गोष्ट खरं तर कारखान्यापासून सुरू व्हायला हवी. पण मन आधी एका रविवारपाशी जातं. तो अगदी साधा दिवस होता, आणि तसा पुन्हा आला नाही.

सकाळी माझे मालक अर्नुबियो काठी टेकत आले आणि माझ्या उजव्या सीटवर बसले. चालकाच्या जागी त्यांची लेक नोहेमी. दर रविवारचा हा धडा. चर्चच्या चढावर मध्येच थांबायचं आणि हँडब्रेकला हात न लावता पुन्हा निघायचं. नोहेमीनं क्लचवरचा पाय झटकन सोडला. मी गचका खाल्ला आणि बंद पडले.

बाल्कनीतून शेजारच्या ओफेलियाबाई ओरडल्या, “अगं, नसेल जायचं त्या गाडीला चर्चला! कशाला जबरदस्ती करतेस?”

“तुमच्यापेक्षा जास्त वेळा गेलीय ती,” अर्नुबियोंनी खिडकीतून सुनावलं. मग लेकीकडे वळले. “परत. सावकाश. क्लच म्हणजे झोपलेलं बाळ. दचकवायचं नाही.”

“पापा, तुम्ही बोलत राहिलात की माझा पाय घाबरतो.”

“मग पायाला सांग, बाप म्हातारा झालाय, बोलणारच.”

दुसऱ्यांदाही मी बंद पडले. ते हसले. “राहू दे. पुढच्या रविवारी बघू.”

माझा जन्म मेदेयिन शहराजवळच्या खोऱ्यातल्या कारखान्यात झाला. तिथून अर्नुबियोंनी मला कॉफीच्या डोंगरातल्या या गावी आणलं. माझा गिअरचा दांडा समोरच्या फळीतून बाहेर येतो, छत्रीच्या मुठीसारखा. ओढायचा, वळवायचा, ढकलायचा. नवखी माणसं तो खाली पायाशी शोधत बसतात. मी केळ्यांचे घड वाहिले, कॉफीची पोती वाहिली. छोटी नोहेमी शाळेतून येताना माझ्या मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपायची.

माझा मानाचा दिवस जुलैत यायचा. कार्मेनची माता ही चालकांची राखणदार. तिच्या सणाला साऱ्या गाड्या सजून, भोंगे वाजवत रांगेनं चर्चचा चढ चढतात. दारात उभा असलेला पाद्री एकेका गाडीवर पाणी शिंपडतो. त्या क्षणी गाडी नुसत्या पायावर धरायची. हँडब्रेक ओढला तर आशीर्वाद चाकांपर्यंत पोचत नाही, असं इथले चालक मानतात. अर्नुबियोंनी तो कधी ओढला नाही, आणि मी बोटभरही मागे सरकले नाही. लोक म्हणायचे, “गाडी असावी तर अशी!” मी फुगून जायचे.

मग त्यांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. मी शेडमध्ये पडून राहिले. चाकांतली हवा गेली, एका कोंबडीनं मागच्या सीटवर अंडी घातली. अर्नुबियो व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे, पण शेडकडे पाठ करून. दाढी करणंही त्यांनी सोडलं होतं.

बायको वारल्यावर ते एकटे पडले म्हणून नोहेमी बोगोता शहरातून परत आली. काही दिवस ती त्या पाठमोऱ्या खुर्चीकडे बघत राहिली. मग एकदा जेवताना म्हणाली, “पापा, मला गाडी शिकवा.”

दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, हॅट घालून शेडमध्ये हजर!

पण एकदा ते सहज बोलून गेले, “तू हा चढ नीट चढलीस की माझं काम संपलं. मग मी आणि माझी खुर्ची.” पुढच्याच रविवारी काय झालं सांगते. चढावर नोहेमीच्या पायाला नेमकी जागा सापडली, जिथे क्लच धरतो ती. मला ते अंगभर कळलं. मी निघणारच होते. तिनं एकवार वडिलांकडे पाहिलं आणि पाय मुद्दाम झटकन उचलला. तेव्हापासून दर रविवारी तिनं मला त्याच चढावर बंद पाडलं. गावभर माझी चेष्टा झाली. मी ती आनंदानं सोसली.

सुरुवातीला सांगितला त्या शेवटच्या रविवारी उतरताना अर्नुबियो म्हणाले, “बंद पाडायलाही हात बसावा लागतो हं, पोरी.” नोहेमी समोर रस्त्याकडेच बघत राहिली.

बुधवारी दुपारी ते जेवून झोपले, ते उठलेच नाहीत.

सण जवळ आला तेव्हा नोहेमीनं मला धुतलं, तेल घातलं. ओफेलियाबाई कागदी फुलं घेऊन आल्या.

“मी बसू का शेजारी?”

“नको, काकू. ती जागा राहू दे.”

“बंद पडलीस तर सगळी रांग तुझ्या नावानं भोंगे वाजवेल बघ.”

“वाजवू देत.”

मित्रांनो, जुन्या गाडीला जपा. कुठे जायचं नसलं तरी अधूनमधून तिला सुरू करा. पाय विसावायला म्हणून क्लच दाबून बसू नका. आणि शेजारी कुणी आपलं माणूस बसलं असेल तर जरा लांबच्या रस्त्यानं घरी जा.

चर्चच्या दारात आम्ही थांबलो. पुढे दुधाचा ट्रक, मागे अख्खं गाव. काचेवर पाणी पडलं. नोहेमीचा हात हँडब्रेककडे गेला नाही. तिचा डावा पाय हळूहळू वर आला. मी थरथरले, जमीन धरली आणि मागे अजिबात न सरकता वर निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओफेलियाबाई तर बाल्कनीत रुमालानं डोळे पुसत होत्या.

चर्चच्या पुढे रस्ता सपाट होतो. तिथे नोहेमीनं मला कडेला उभं केलं. मागच्या गाड्या भोंगे वाजवत निघून जात होत्या. ती रिकाम्या सीटकडे वळली आणि त्या गोंगाटातही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“पापा, मला येत होतं. केव्हाचंच येत होतं. मला तुमच्याबरोबरचे रविवार संपायला नको होते.”