माझे तोंड आणि तानिएलूच्या करवंट्या

मित्रांनो, मी एक म्हातारी डासीण आहे. सामोआ बेटावर, तानिएलूच्या चुलीमागे पडलेल्या करवंटीतल्या पाण्यात माझा जन्म झाला.

माझ्या तोंडाला तुम्ही सुई म्हणता, पण त्या सहा आहेत. माझ्या फार जुन्या पूर्वजांना झुरळासारखे चावायचे जबडे होते. पिढ्यान्‌पिढ्या तेच लांब आणि बारीक होत गेले. आता चार सुया कातडी कापून फाकवून धरतात, एकीतून मी लाळ सोडते, एकीतून रक्त ओढते. खालचा ओठ या साऱ्यांचे म्यान आहे. लाळेमुळे रक्त गोठत नाही. नवऱ्याला ही हत्यारे नाहीत, तो बिचारा फुलांच्या रसावर जगतो. मला मात्र अंड्यांसाठी रक्त लागते.

दर रविवारी तानिएलू नारळाचे दूध काढी आणि करवंट्या जळणासाठी चुलीमागे उताण्या फेकी. त्याची थोरली बहीण सेफिना ओरडे, "अरे, पालथ्या टाक! पाणी साचतं त्यात."

"ऊन लागल्याशिवाय वाळतील कशा, ताई? भट्टी काय तुझ्या बडबडीवर पेटणार?"

सगळे हसत. तेव्हा मी त्या पाण्यात वळवळत होते.

मला पंख फुटले, तेव्हा शहरातून एक पाहुणा आला. त्याचे अंग डेंग्यूने तापले होते. मी त्याचे रक्त प्यायले. त्यातला ताप हळूहळू माझ्या लाळेत उतरला. मला काहीच झाले नाही.

रात्री ही माणसे मच्छरदाणी नीट खोचून झोपतात. पण मी दिवसा चावते. तानिएलूची मुलगी लागी भरदुपारी, भिंती नसलेल्या त्या घरात, चटईवर झोपली होती. मी तिच्या घोट्यावर बसले. तिने झोपेत पाय हलवला, इतकेच.

आज लागी इस्पितळात आहे. तिच्या हिरड्यांतून रक्त येते आहे. तानिएलू रडत रडत एकेक करवंटी पालथी करतो आहे.

"तू सांगत होतीस गं, ताई."

"ते राहू दे आता. ऊठ, पोरीजवळ कुणीतरी हवं."

तो उठून गेला.

मित्रांनो, मी काही तुमची मैत्रीण नाही. तरी सांगते, साचलेले पाणी ओता, आणि पुन्हा एकदा वाकून बघा. अळूच्या पानाखालची एक करवंटी त्याच्याकडून राहून गेली आहे. माझी अंडी तिच्यातच आहेत.