तळ्याचा ठिपका

तिने सर्वांत बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला, नकाशावरच्या मुगाएवढ्या निळ्या ठिपक्यापर्यंत नेला आणि पुन्हा मागे घेतला.

पक्ष्यांच्या पुस्तकातले नकाशे ती हाताने रंगवायची. थापट्या बदकाचं पान खरं तर सोपं. फावड्यासारख्या रुंद चोचीचा हा पक्षी अर्ध्या जगात आढळतो. खाली धोक्याच्या रकान्यात 'तूर्त काळजी नाही' एवढं छापलं की झालं. पण गावाबाहेरच्या तळ्यावरची गणती तिचे काका करायचे आणि सलग तीन हिवाळे त्यांनी वहीत शून्य लिहिलं होतं. इतक्या सामान्य बदकाचं शून्य तपासायला कोण जातंय? संपादकांनी फोनवर एका वाक्यात निकाल लावला होता: उद्या दुपारी पान छपाईला जाईल, तळं पुसून टाका.

काकांनी मात्र ते शून्य जिवाला लावून घेतलं होतं. चाळीस वर्षं मोजलेली पाखरं आपल्या हयातीतच गेली म्हणून जेवताना मध्येच त्यांचा हात थांबायचा. एकदा स्वतः बघून येऊ, मग पुसू, असं ठरवून तिने ब्रश धुऊन ठेवला.

सकाळी दोघं बांधावर गेली. काकांनी चष्मा पुसला, दुर्बीण लावली, बराच वेळ इकडून तिकडे फिरवली.

"शून्य. परवाही शून्यच होतं. लबाडांनी पाठ फिरवली ती फिरवलीच."

तिने सहज समोर पाहिलं. पाण्यावर काळपट ठिपके गोल गोल फिरत होते. तिने दुर्बीण मागून घेतली, चाक फिरवून नीट केली. हिरवी डोकी, रुंद चोची. तिने आधी वळून काकांच्या डोळ्यांकडे पाहिलं. आनंद झाला तो मागाहून.

"काका, पाण्यातला तो खांब दिसतो?"

"कसला खांब?"

खांब पन्नास पावलांवर होता. आता या माणसाला सांगायचं तरी कसं? पण न सांगताही राहवेना.

"आहेत, काका. थापट्याच. शंभराच्या वर."

"उगाच समजूत काढू नकोस माझी."

"तुमची शपथ."

काकांनी चष्मा काढून हातात धरला.

"म्हणजे ते गेलेच नव्हते?"

"नाही."

"फक्त माझे डोळे गेलेत?"

"फक्त काय, काका!"

पण काका हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. मग त्यांनी वही तिच्याकडे सरकवली.

"ती तिन्ही शून्यं खोड आधी."

दुपारी पान ठिपक्यासकट छपाईला गेलं आणि ती काकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं.

"मोतीबिंदू चांगलेच पिकलेत, आजोबा. दिसत नाही असं कधीपासून?"

"तीन हिवाळे झाले, डॉक्टर! तीन!" काका इतक्या उल्हासाने म्हणाले, की डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.